डब्याचा खालचा कप्पा

नुकतीच धार लावलेलं टूल ते आधी आपल्या डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवायचे. ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसं. मग चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघायचे. तुम्ही घाईत असलात आणि विचारलंत, "काका, धार बरोबर आहे ना?" तर उत्तर मिळायचं नाही, प्रश्न मिळायचा.

"कशासाठी ते सांगा आधी."

पहिल्यांदा मला वाटलं, माणूस खडूस आहे. मग कळलं, की लोखंडाला बरोबर असलेली धार पितळेत घुसून अडकते, आणि पितळेची धार लोखंडावर नुसती घासत बसते. नुसती बरोबर अशी धार जगात नसते. हे एवढं समजायला मला सहा महिने लागले. आणि फक्त धारेपुरतं समजून भागणार नव्हतं, हे समजायला आणखी बराच काळ.

कारण हा प्रश्न ते सगळ्यांनाच आणि सगळ्याबद्दलच विचारायचे. कॅन्टीनवाल्यानं कौतुकानं "उस्ताद, चाय कैसी है?" म्हटलं, की "किसके वास्ते? नींद उडाने को अच्छी है, पीने को नै." जावयानं गाडी घेतली आणि फोटो दाखवला, तर "चांगली आहे. कशासाठी घेतली पण?" जावई पुढे दोन महिने फोनवर फक्त तब्येतीची चौकशी करत होता.

आमचा कारखाना हैदराबादच्या कडेला, एका औद्योगिक वसाहतीत आहे. पंपांचे सुटे भाग करतो. मी डिप्लोमा करून तिथे टूल स्टोअरला लागले. लेथवरची, मिलिंगवरची टूलं बोथट झाली की माझ्या जाळीच्या खिडकीत येतात. मी ती टूल ग्राइंडरवर पाठवते, तिथून धार लावून परत येतात. टूल ग्राइंडर म्हणजे दळायच्या चाकासारखं एक फिरतं चाक, आणि त्याच्यासमोर तीस वर्षं बसलेला एक माणूस. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मी काका म्हणायचे, कारण त्या शेडमध्ये माझ्याशी मराठी बोलणारे ते एकटेच होते.

मराठी म्हणजे कसं, तर "हौ" आणि "नक्को" यांच्या मध्ये जेवढं मावेल तेवढं. उदगीरकडून तरुणपणी आलेले, शाळा उर्दूत झालेली, शेजार तेलुगू. आमच्या इमारतीत पुण्याहून आलेली आयटीतली मंडळी आहेत, ती काकांचं मराठी ऐकून हसली असती. काका त्यांचं मराठी ऐकून नुसते गप्प बसले असते, ते जास्त वाईट.

आम्ही दोघंही मलकपेठचे. सकाळी एकाच बसला असायचो. गर्दीत ते दिसायच्या आधी त्यांचा खोकला ऐकू यायचा. तीनदा, मग थांबून एकदा. विचारलं तर रेसकोर्सच्या दिशेला हात करायचे. "घोड्यांची धूळ आहे, अम्मा." घोडे बिचारे त्या वेळी झोपलेले असायचे. आणि रविवारी, जेव्हा घोडे खरंच धावायचे, तेव्हा काकांचा खोकला कमी असायचा. हा मुद्दा मी त्यांच्यापुढे मांडला. ते म्हणाले, "तुम्ही लै हिशेबी आहात."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची भांडणं कळणार नाहीत. माझे वडील नांदेडहून नोकरीला इथे आले. येताना त्यांनी भांडी कमी आणि पत्रकं जास्त आणली. आमच्या पलंगाखाली पेट्या नव्हत्या, गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. घरी पाहुणे आले की आधी पत्रकांच्या घड्या घालायच्या आणि मग जेवायचं, असा रिवाज होता. त्यामुळे कारखान्यात लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी पहिलं पत्रक काढलं, यात माझं कर्तृत्व काही नाही. ते वळण होतं.

विषय समोरच होता. काकांचं मशीन कोरडं चालायचं. चाक टूलवर घासलं की ठिणग्या उडतात, टूल तापतं, आणि जास्त तापलं की त्याच्या कडेला निळसर झाक येते. टूल निळं झालं म्हणजे मेलं. दिसायला धारदार, पण लोखंडाला लागलं की लोण्यासारखं दबतं. त्यावर उपाय म्हणजे कूलंट, म्हणजे तेल मिसळलेलं दुधाळ पाणी घासण्याच्या जागी सतत पडत ठेवायचं. त्यानं टूल थंड राहतं. आणि जी धूळ उडते, ती ओढून घ्यायला चाकापाशी पंख्याचं धुराडं लावायचं. दोन्ही गोष्टी जगात मिळतात. आमच्याकडे दोन्ही नव्हत्या. काकांकडे पाण्याचा एक मग होता. टूल घासायचं, बुडवायचं, घासायचं, बुडवायचं. आणि नाकाला एक रुमाल, जो संध्याकाळी झटकला की जमिनीवर त्याची सावली उरायची.

मी पत्रकात दोन मागण्या लिहिल्या. पंपासहित कूलंटची व्यवस्था, आणि धूळ ओढणारं धुराडं. मी मराठीत लिहायचे, मग लेथवरचा एक सहकारी तेलुगू करून द्यायचा आणि कॅन्टीनवाला हिंदी. तिन्ही छापायचे. मराठी पत्रकाला आमच्या कारखान्यात अडीच वाचक होते. मी, वेल्डिंगच्या शेडमधला एक परभणीवाला, आणि अर्धे काका. ते मराठी असं वाचायचे, की ओढ्यातून दगडांवर पाय ठेवत चाललेत. एकेक अक्षर चाचपून. पण शेवटपर्यंत जायचे.

माझं पहिलं पत्रक वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यात 'ज्वलंत' लिहिलंय. जळणारं टूल ना?"

"जळणारा प्रश्न, काका."

"मग टूलबद्दल कुठंय?"

मालकांनीही ते पत्रक वाचलं, तेलुगूतलं. आणि शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, की टूलं जळून येतात हे कंपनीच्याही लक्षात आलंय. तेव्हा आता धार लावायचं काम बाहेर देऊ, हा कोपरा मोकळा करू, आणि उस्तादांना पॅकिंगला बसवू. आराम मिळेल.

मालक गेले. काका मशीनच्या मुठीवरून हात फिरवत बसले. त्यांना निवृत्त व्हायला अडीच वर्षं होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "आपण लढू."

"हौ," ते म्हणाले. "पण सोमवारी मिलिंगचे सहा कटर आहेत. ते निळे गेले तर मालक म्हणतील ते खरंच ठरतंय ना अम्मा."

त्या शनिवारी दुपारी ते मला कोठीच्या बाजारात घेऊन गेले. मला वाटलं, पुस्तकांच्या दुकानात जायचंय. ते दवाखान्यांच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात शिरले आणि सलाइनची नळी मागितली. तीच, जिच्यात थेंब पडताना दिसायला पारदर्शक कुपी असते आणि थेंब कमीजास्त करायला अंगठ्यानं फिरवायची चकती.

"किसकू लगानी है?" दुकानदारानं विचारलं.

"मशीन कू."

"मशीन कू क्या हुआ?"

"बुखार."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. "नर्स हैं क्या आप?"

"नक्को पूछो," काका म्हणाले. "इनों खुद एक सौ चार पे हैं."

ही कल्पना त्यांना कुठे सुचली, ते परतीच्या बसमध्ये सांगितलं. कधीकाळी त्यांच्या बायकोला कावीळ झाली होती. चार दिवस ते खाटेशेजारी बसून थेंब मोजत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि हातांना रिकामं बसायची सवय नव्हती. चौथ्या दिवशी थेंब मोजून ते बाटली कधी संपेल ते सांगू लागले आणि वॉर्डातले बाकीचे नातेवाईक त्यांना विचारायला येऊ लागले. "तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले, "एवढी बारीक चकती काय फक्त माणसांसाठीच केली?"

राहिलं भांडं. मी म्हटलं, स्टोअरमध्ये मागणी लिहू. मीच स्टोअर होते, तरी मालकांची सही लागायची. काकांनी मागणी लिहिली नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा उघडला, खालच्या कप्प्यातला भात वरच्या कप्प्यातल्या आमटीत ओतला, जेवले, कप्पा घासला, आणि त्याच्या बुडाला भोक पाडलं.

मी बघत राहिले. मला तो कप्पा दिसत नव्हता. शोषणाचं सबंध प्रकरण दिसत होतं, सचित्र.

भोकात त्यांनी पितळेचा छोटा तुकडा बसवला, झाळून घट्ट केला. त्याला नळी जोडली. नळीच्या टोकाला तांब्याची बारीक वाकडी चोच, म्हणजे थेंब नेमका चाक आणि टूल जिथं भेटतात तिथं पडावा. मापाची डायल धरायच्या मॅग्नेट स्टँडवर कप्पा उभा केला. चाकाखाली पत्र्याचा ट्रे, सांडलेलं पाणी गोळा करायला. मग दुधाळ कूलंट ओतून चकती फिरवली आणि कुपीत बघत ओठ हलवू लागले. मोजत होते. मी विचारलं, "किती थेंब लागतात?"

विचारल्याबरोबर जीभ चावली.

"कशासाठी ते सांगा आधी," ते म्हणाले, पण हसून. त्या दिवशीचे सहा कटर एकही निळा न होता निघाले. सहावा त्यांनी मनगटाला टेकवला आणि माझ्याही मनगटाला टेकवला. गार होता. सकाळच्या नळासारखा.

एक नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून घालून घेतला. आधी चाक सुरू करायचं, मग थेंब. बंद करताना आधी थेंब बंद, मग चाक थोडं रिकामं फिरू द्यायचं, मग थांबवायचं. थांबलेल्या चाकावर थेंब पडला तर ते एकाच अंगानं पाणी पितं, जड होतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर थरथरतं. फुटूसुद्धा शकतं. हा नियम ते प्रत्येकाला सांगायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आठवडाभर शेडमध्ये चेष्टा चालली. "उस्ताद, आज दही लगाया?" "उस्ताद, छास देव ना थोडी." कुणीतरी खरंच पिऊन टाकेल म्हणून काकांनी कप्प्यावर उर्दूत लिहिलं, पिऊ नये. ते वाचता येणारे दोघेच होते आणि दोघंही शहाणे होते.

रोज सकाळी बसमध्ये आता खोकल्याबरोबर आणखी एक आवाज यायला लागला. तीन कप्प्यांच्या चौकटीत दोनच कप्पे राहिल्यामुळे काकांचा डबा चालताना वाजायचा. खळखळ, खळखळ. त्यांच्या बायकोनं मला एकदा घरी चहा देताना ऐकवलं, "तीस वर्षं भात खाली, भाजी मधे, आमटी वर असं चाललं होतं. आता म्हणतात, सगळं एकात दे, पोटात एकच होतं. हे आधी सांगितलं असतं तर माझी तीस वर्षांची भांडी वाचली असती."

आणि आता माझ्या मानहानीचा प्रसंग. ट्रेमधलं कूलंट परत कप्प्यात ओतायचं तर गाळून घ्यावं लागतं, नाहीतर चाकाचा चुरा नळीत अडकतो. फडक्यातून चुरा निसटत होता. एका दुपारी मी त्यांच्या कोपऱ्यात गेले, तर कप्प्याच्या तोंडावर कागदाचा एक सुरेख कोन बसवलेला. त्यातून दुधाळ पाणी थेंबथेंब गळत होतं. कोनावर वाचलं, तर '...गारांनो, जागे व्हा'. सुरुवातीचा 'काम' घडीत गेला होता.

"काका, हे माझं पत्रक आहे!"

"हौ. तुमचा कागद लै चांगला आहे. जाड नाही, गुळगुळीत नाही. पाणी सोडतो, चुरा धरतो." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं, "वाचलेलंच घेतलं, अम्मा. न वाचलेलं एक पण नाही वापरलं. तेलुगूवालं चालत नाही, त्याला शाई जास्त आहे."

माझ्या घरात पत्रकावर पाय पडला तरी उचलून कपाळाला लावत असत. मी रागानं जाळीमागे जाऊन बसले. तासाभरानं एक कटर धार होऊन आला. कडेला निळा डाग नव्हता. माझ्या लिखाणाचा इतका स्वच्छ परिणाम त्याआधी कुठेच झाला नव्हता, हे कबूल करायला मला तेव्हा जड गेलं.

पण खरा राग पुढेच होता. मालकांना कुणीतरी कायझेन शिकवलं होतं. कामगारानं काही सुधारणा केली की फलकावर फोटो लावायचा आणि बक्षीस द्यायचं. काकांच्या भांड्याचा फोटो लागला. खाली लिहिलं, 'कंपनीनं विकसित केलेली कूलंट व्यवस्था'. टाळ्या झाल्या. बक्षीस म्हणून मालकांनी काकांना काय दिलं? तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. झाकणावर कंपनीचं चिन्ह कोरलेलं.

माणसानं आपल्या डब्याचा कप्पा कापून कंपनीला मशीनचं भांडं द्यावं, आणि कंपनीनं त्याला डबा द्यावा. मी त्या दिवशी बसमध्ये काकांना फार बोलले. म्हटलं, "तुम्ही मालकांची अब्रू झाकलीत. आमची पहिली मागणी तुम्हीच मारलीत. आता ते म्हणणार, कूलंट आहे की! तुमची हुशारी त्यांना फुकट मिळाली."

काका म्हणाले, "मला टूल जळलेलं बघवत नाही."

"आणि तुमची छाती? ती जळलेली बघवते?"

त्यावर ते खोकले. तीनदा, मग थांबून एकदा. मला ते उत्तर वाटलं. आणि इथेच मी चूक केली.

मी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाला तक्रार लिहिली. चांगली लिहिली. काकांचा खोकला लिहिला, रुमाल लिहिला, रविवारी खोकला कमी असतो हेही लिहिलं. त्यांचं नाव लिहिलं. सगळं खरं होतं. फक्त त्यांना विचारलं नाही. विचारायचं सुचलंसुद्धा नाही. ज्यांच्या वतीनं लिहायचं त्यांना विचारायचं असतं, हे कुठल्याच पत्रकाच्या तळाशी छापलेलं नसतं.

तक्रारीची प्रत मालकांकडे आली. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावून ती वाचून दाखवली आणि सांगितलं, साहेब तपासणीला येतायत. सगळं ठीक आहे म्हणालात तर हे मशीन तुमचं, निवृत्त होईपर्यंत. नाहीतर धोक्याचं मशीन म्हणून कोपरा बंद, दुसऱ्या दिवशी पॅकिंग.

काका सरळ माझ्या खिडकीशी आले. आवाज चढला नव्हता. तो कधीच चढायचा नाही.

"माझी छाती कशासाठी वापरली, ते सांगायचं होतं आधी."

माझ्यापाशी उत्तर होतं. न्याय, हक्क, सगळं होतं. जाळीच्या पलीकडून ते कसं दिसेल, ते मात्र पहिल्यांदाच कळलं. मी म्हटलं, "चुकलं, काका."

"हौ," ते म्हणाले, आणि दोन बोथट ड्रिल घेऊन गेले.

चार दिवस बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या टोकांना उभे होतो. खळखळ ऐकू यायची.

तपासणीचा दिवस. मालक पुढे, तपासणी अधिकारी मागे, त्यामागे आम्ही सगळे काम करत असल्यासारखे. अधिकारी पन्नाशीचे, शांत, हातात फाइल. कोपऱ्याशी आल्यावर मालकांना हुरूप आला. "ही आमची कूलंट व्यवस्था, इथेच तयार केलेली," असं म्हणत काका हात पुढे करायच्या आत त्यांनी स्वतः चकती फिरवली. पूर्ण. चाक थांबलेलं होतं. दुधाळ धार चाकाच्या एका अंगावर पडत राहिली आणि चाक ती गटागटा पीत राहिलं.

"अब चालू करो, उस्ताद," मालक म्हणाले.

काकांनी चकती बंद केली. "नै होता साब."

"क्यों?"

"एक तरफ से पानी पी गया. घुमाया तो कांपेगा. टूटा तो सामने कौन खडा है, देखो." समोर मालकच उभे होते. ते बाजूला झाले. "सूखने देना पडेगा."

ज्या मशीनच्या भरवशावर तपासणी उरकायची होती, ते मशीन मालकांच्या हातानं बंद पडलं होतं. अधिकाऱ्यांना आता वेळच वेळ होता. ते स्टुलावर बसले. भांड्याकडे बघितलं, कोनाकडे बघितलं. कोनावर माझं वाक्य होतं, पण त्यांना मराठी येत नव्हतं, हे बरं झालं. कुपी बोटानं टिचकावून त्यांनी काकांना विचारलं, "ये काफी है क्या?"

मालक काकांकडे बघत होते. मी जाळीमागून बघत होते आणि त्या क्षणी मला खरंच वाटत होतं, की त्यांनी 'हौ' म्हणावं. त्यांचं मशीन राहावं. माझी तक्रार गेली खड्ड्यात.

काकांनी चष्म्याच्या वरून बघितलं.

"किसके वास्ते, वो बोलो पहले."

अधिकारी थोडे चमकले. "मतलब?"

"टूल के वास्ते काफी है साब. एकदम काफी. गॅरंटी देता हूँ." मग त्यांनी रुमाल सोडून तो अधिकाऱ्यांच्या पुढ्यात, मशीनच्या काळ्या टेबलावर झटकला. "मेरी छाती के वास्ते काफी नै है."

माझी पानभर तक्रार जे म्हणत होती, ते हेच. फक्त यात एकही विशेषण नव्हतं.

अधिकाऱ्यांनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या. कूलंट समाधानकारक. धूळ ओढण्याची व्यवस्था नाही, ती बसवावी. ते गेल्यावर मालक कोपऱ्यात परत आले आणि म्हणाले, मी हा कोपराच बंद करतो. काका म्हणाले, "करा साब. आजचे आठ कटर बाहेर पाठवा. कधी येतील ते विचारून घ्या." मालकांनी विचारलं. बाहेरचे म्हणाले, आठवडा लागेल. त्या आठ कटरांवर लेथ-मिलिंगची सबंध रांग अडलेली होती. भांडं बसल्यापासून सगळ्यांना न जळलेल्या टूलांची सवय लागली होती, आणि मालकांना सर्वांत जास्त.

कोपरा बंद झाला नाही. ज्या भांड्यानं मागणी मारली असं मी समजत होते, तेच मागणीच्या पाठीशी उभं होतं. हे काकांना आधीपासून ठाऊक होतं का, असं मी बसमध्ये विचारलं. त्या दिवशी आम्ही पुन्हा शेजारी उभे होतो.

"नाही अम्मा," ते म्हणाले. "मला फक्त कटरचं ठाऊक होतं."

धुराड्याची कोटेशनं आली, हरवली, पुन्हा आली. सरकारी पत्र आलं, त्याला उत्तर गेलं. मी तीन पत्रकं काढली. दर वेळी काकांना आधी वाचून दाखवली, आणि दर वेळी त्यांनी एक विशेषण काढायला लावलं. पण छातीला कोटेशन कळत नाही. पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि सांगितलं, धुळीत एक दिवसही नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्यांनी पॅकिंगला बसायला नकार दिला आणि हिशेब मागितला. उदगीरला मुलीकडे जायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी भांडं स्वच्छ घासलं, नवी नळी लावली, आणि माझ्या खिडकीवर बक्षिसाचा तो डबा ठेवला. वर्षभर कपाटात होता, एकदाही वापरला नव्हता. स्वतःच्या हातात तोच जुना, दोन कप्प्यांचा.

"काका, मला नको. त्यावर कंपनीचं चिन्ह आहे. मी हा डबा घेऊन..."

"कशासाठी नक्को, ते सांगा आधी."

मी तोंड उघडलं. बरीच कारणं होती. त्यातलं एकही जेवणाशी संबंधित नव्हतं. डबा घेतला.

ते उदगीरला गेल्यावर अकराव्या दिवशी धुराडं बसलं. मी फोन केला. ते म्हणाले, "ओढतं का बरोबर?" मी म्हटलं, आवाज तर मोठा येतो. "आवाजाचं काय करता? तुमच्या कागदाची एक पट्टी फाडा. चाकापाशी धरा. आत गेली पाहिजे." मी फोन कानाला लावूनच पट्टी फाडली आणि धरली. पट्टी ताठ झाली, थरथरली, आणि हातातून सुटून आत गेली. मी सांगितलं. पलीकडून खोकला आला. तीनदा. मी थांबले. चौथा आला नाही. "चांगलं झालं," ते म्हणाले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेल्याचं तिनं रडत सांगितलं, मी ऐकलं.

आता त्या मशीनवर श्रीकाकुळमची एक बाई काम करते. चांगली करते. रुमाल झटकून दाखवते, आणि त्यातून काही पडत नाही. मागच्या महिन्यात ती माझ्या खिडकीशी आली. काकांचं भांडं खालून चिरलं होतं, झाळ टिकत नव्हती, दोन कटर निळे झाले होते. म्हणाली, नवीन मिळेल का?

मी तिच्यासमोर मागणी लिहिली. नियमाप्रमाणे, तीन प्रतींत. एकही विशेषण घातलं नाही. मागणी मालकांच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे, आणि ती झाल्याशिवाय मी सोडणार नाही. पत्रकाचा मसुदाही तयार आहे.

दरम्यान रोज सकाळी मलकपेठच्या बसमध्ये लोक वळून बघतात. माझ्या हातातला डबा खळखळतो. तीन कप्प्यांच्या चौकटीत दोनच आहेत.